काशीयात्रेच्या याद्या : एक उपेक्षित साधन

पोथ्यांच्या रुमालांत तीर्थस्थळांच्या यादीचें एखादें सुटें पान निघालें, तर त्यावर सन नाहीं, कर्त्याचें नांव नाहीं, म्हणून तें बाजूस टाकण्याकडे संग्राहकांची प्रवृत्ति असते. अशीं पानें टाकूं नयेत, असें आमचें मत आहे.

नवख्या यात्रेकरूस हाताशीं धरून नगर दाखविण्याचें काम काशींत गंगापुत्र व तीर्थोपाध्याय पिढ्यान्‌पिढ्या करीत आले. त्यांचा मार्ग लहरीचा नव्हे. त्यास ग्रंथाधार आहे. स्कंदपुराणांतर्गत काशीखंडांत पंचतीर्थीचा क्रम असिसंगम, दशाश्वमेध, आदिकेशव, पंचगंगा व मणिकर्णिका असा आहे. वास्तविक दक्षिणेकडून उत्तरेस जातांना दशाश्वमेधानंतर मणिकर्णिका व पंचगंगा लागतात, आणि वरणासंगमावरील आदिकेशव अगदीं शेवटीं. म्हणजे यात्रेकरूस हे दोन घाट टाकून टोकास न्यावयाचें आणि माघारीं आणून मणिकर्णिकेवर समाप्ति करावयाची, अशी ही योजना आहे. तेव्हां यादींतील हा क्रम लेखकप्रमाद समजून कोणीं सुधारूं नये.

वास्तु गेली तरी क्रम टिकतो, हें याहून महत्त्वाचें. नारायणभट्टांचें घराणें मूळ पैठणचें. सोळाव्या शतकांत त्यांनीं ‘त्रिस्थलीसेतू’त असा निर्णय दिला कीं, कालगतीनें विश्वेश्वराचें लिंग जाऊन त्या जागीं दुसरें आलें तरी त्याचीच पूजा करावी, आणि लिंगच नसेल तर त्या स्थानास प्रदक्षिणा व नमस्कार करावेत. पुढें १६६९ सालीं औरंगजेबाच्या हुकुमानें तेथील देवालय पाडलें गेलें. अहिल्याबाई होळकरांनीं हल्लींचें देवालय जवळच बांधविलें, तें शंभराहून अधिक वर्षांनीं. मध्यंतरीं यात्रेकरू येत राहिले, याचा उलगडा भट्टांच्या निर्णयानें बराचसा होतो, असें आम्हांस वाटतें.

१३ डिसेंबर २०२१ रोजीं विश्वेश्वर ते गंगा या नव्या प्रशस्त मार्गाचें उद्घाटन झालें. त्यासाठीं मधल्या दाट वस्तींतील घरें व गल्ल्या काढण्यांत आल्या. तेथें कोणत्या वळणावर कोणतें देऊळ लागे, हें आतां डोळ्यांनीं पाहून सांगतां येणार नाहीं. तें सांगणारें पान कदाचित् आपल्यापैकींच कोणाच्या रुमालांत असेल. ज्यांच्या संग्रहीं तें निघेल त्यांनीं नांवांचा क्रम न बदलतां, खाडाखोडीसह, त्याची नक्कल करून ठेवावी, एवढीच आमची विनंति आहे.