छायाचित्रकार नसलेली खोली

छायाचित्रणाच्या इतिहासात कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या माणसाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. समोर बसलेल्याविषयी त्या मानाने कमी. फोटोबूथचा इतिहास मात्र समोर बसणाऱ्याचाच लिहावा लागतो, कारण तेथे दुसरा कोणी नसतोच. समारंभातल्या बूथमधून चांगला फोटो कसा मिळवावा, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पण चांगला म्हणजे कोणाच्या नजरेला चांगला, हा दुसरा प्रश्न त्याच्या पोटात दडलेला आहे, आणि तो मुळीच किरकोळ नाही.

अनातोल जोसेफो १८९४ साली सैबेरियातील ओम्स्क येथे जन्मला. बर्लिनमध्ये फोटोग्राफी शिकून, शांघायमध्ये स्टुडिओ चालवून तो अमेरिकेत पोहोचला आणि १९२५ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर त्याने आपले 'फोटोमॅटन' सुरू केले. पंचवीस सेंटांत आठ फोटो, तेही सुमारे आठ मिनिटांत. पहिल्या सहा महिन्यांत सुमारे २,८०,००० लोक तेथे बसून गेले. १९२७ साली अमेरिकेतील हक्क दहा लाख डॉलरना विकले गेले. हे आकडे नेहमीच सांगितले जातात. त्यांहून बोलका तपशील मला वेगळाच वाटतो. त्या दुकानात पांढरे हातमोजे घातलेला एक सेवक असे आणि 'उजवीकडे पाहा, डावीकडे पाहा, आता कॅमेऱ्याकडे' असे तो गिऱ्हाइकांना सांगत असे. यंत्राने फोटोवाल्याला रजा दिली खरी, पण त्याचा आवाज मागे राहिला. 'हनुवटी जरा वर' हे ऐकल्यावाचून बसायचे कसे, हे लोकांना अजून ठाऊक नव्हते.

यंत्राची रचना पाहिली म्हणजे ही अडचण कळते. स्टुडिओतला फोटोवाला निगेटिव्हवर हात फिरवून सुरकुत्या पुसू शकत असे. येथे निगेटिव्हच नव्हते. प्रतिमा थेट कागदावर उमटे, आणि प्रत्येक पट्टी एकुलती एक असे. अंतर ठरलेले, प्रकाश समोरून येऊन चेहरा सपाट करणारा. बसणाऱ्याच्या हाती दोनच गोष्टी उरत: स्टूल फिरवून डोळ्यांची उंची साधणे, आणि दोन झगमगाटांमधले काही क्षण. या क्षणांचे करायचे काय, यातच बूथची सारी कला आहे.

पॅरिसमधल्या अतिवास्तववाद्यांनी याचे एक उत्तर शोधले. 'ला रेव्होल्यूसिऑं स्युररेआलिस्त'च्या डिसेंबर १९२९च्या अंकात माग्रितच्या एका चित्राभोवती सोळा जणांचे बूथमधले फोटो छापले आहेत, आणि सोळाही जणांनी डोळे मिटलेले आहेत. ओळखपत्राच्या फोटोत चालत नाही अशी गोष्ट त्यांनी नेमकी केली.

दुसरे उत्तर अँडी वॉरहॉलचे. १९६३ साली रॉबर्ट स्कल या संग्राहकाने पत्नी एथेलचे व्यक्तिचित्र त्याला सांगितले. ती उत्तम पोशाख करून आली; एखाद्या नामवंत छायाचित्रकाराच्या स्टुडिओत जायचे असावे, अशी तिची समजूत होती. वॉरहॉल तिला घेऊन गेला तो बेचाळिसाव्या रस्त्यावरच्या बूथमध्ये, शंभर डॉलरची नाणी बरोबर घेऊन. आरंभी ती ताठरून बसली. मग तो विनोद सांगू लागला, तिला डिवचू लागला, आणि हळूहळू ती कॅमेरा विसरली. तीनशेहून अधिक फोटोंतून निवडलेल्यांचे 'एथेल स्कल छत्तीस वेळा' झाले. गॉगल, केसांत गेलेले हात, उघडे तोंड: श्रीमंत बाईचा दिमाख कोठे संपतो आणि गंमत कोठे सुरू होते, हे त्यात सांगता येत नाही. हातमोजेवाल्या सेवकाचेच काम वॉरहॉलने केले, फक्त उलट हेतूने.

आजच्या समारंभातला बूथ वेगळा आहे. पुण्यामुंबईकडच्या लग्नांतही तो आता दिसतो: पुठ्ठ्याच्या मिशा, रंगीत चष्मे, आणि बहुधा पडदा नसलेला. जुन्या खोक्यात पडद्याखाली फार तर पाय दिसत. येथे रांगेतले सगळेच पाहत असतात, आणि समोरच्या पडद्यावर आपण स्वतःलाही पाहत असतो. म्हणजे जोसेफोने ज्याला बाहेर काढले, तो बघणारा अनेक रूपांनी परत आला आहे. फोटो नको असेल तर पुसून पुन्हा काढता येतो, ही सोय मला तरी गैरसोयच वाटते. चार जागा मोजून मिळत तेव्हा निदान चौथ्या फोटोपर्यंत माणसे दमत तरी असत.

तेव्हा उपाय जुनेच. भिंगाकडे पाहावे, पडद्यावरच्या स्वतःकडे नव्हे. एकट्याने जाऊ नये. ज्याच्याशी बोलता बोलता हसू येते अशा एकालाच बरोबर न्यावे, पाच जणांना नव्हे. मिशी पहिल्या फोटोपुरती पुरे. आणि जमल्यास जेवणे आटोपल्यावर जावे, रांग ओसरलेली असते, दिवे निम्मे मालवलेले असतात आणि बूथवाला मुलगा खुर्चीत पेंगत असतो.