एक मत बाद, निकाल पहाटे

३ जून २०२२, दुपारी ३. राज्यसभेच्या अर्जमाघारीची मुदत संपली. जागा सहा, उमेदवार सात. बिनविरोधची परंपरा मोडली. महाराष्ट्रात असा सामना १९९८ नंतर पहिल्यांदाच.

९ जून. तुरुंगातल्या अनिल देशमुख आणि नवाब मलिक यांना मतदानासाठी एक दिवस सोडायला विशेष न्यायालयाचा नकार. दिवंगत रमेश लटके यांची जागा रिकामीच. २८८ पैकी उरले २८५.

१० जून, सकाळी ९. विधानभवनात मतदान सुरू. मतदारांत परभणी जिल्ह्याचे चार आमदार, चार पक्षांचे: जिंतूरच्या मेघना बोर्डीकर भाजप, परभणीचे डॉ. राहुल पाटील शिवसेना, पाथरीचे सुरेश वरपुडकर काँग्रेस, गंगाखेडचे रत्नाकर गुट्टे राष्ट्रीय समाज पक्ष. निवडणूक आयोगाच्या जांभळ्या स्केचपेनने पसंतीक्रम लिहायचा, मतपत्रिका आपल्याच पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायची, मग पेटीत टाकायची. दाखवायची, हातात द्यायची नाही, इतरांना दिसू द्यायची नाही. २०१७ मध्ये गुजरातेत याच चुकीने काँग्रेसची दोन मतं बाद झाली होती. पाच वर्षं काही फार नव्हती.

दुपार. भाजपची तक्रार: जितेंद्र आव्हाड, यशोमती ठाकूर आणि सुहास कांदे यांची मतं बाद करा. निवडणूक अधिकाऱ्यांनी आक्षेप फेटाळला. भाजप दिल्लीला, आयोगाकडे. सत्ताधारी महाविकास आघाडीनेही सुधीर मुनगंटीवार आणि रवी राणांवर बोट ठेवलं.

दुपारी ४. मतदान बंद. २८५ मतं.

सायंकाळी ५. मतमोजणीची वेळ. पेट्या बंदच.

मध्यरात्र उलटली. आयोगाचा आदेश आला: शिवसेनेच्या कांदेंचं मत बाद, बाकीची ग्राह्य. वैध मतं २८४. प्रत्येकाचं मूल्य १००, म्हणून विजयाचा कोटा ४०५८.

पहिली पसंती मोजली. पीयूष गोयल ४८, अनिल बोंडे ४८, इम्रान प्रतापगढी ४४, प्रफुल्ल पटेल ४३, संजय राऊत ४१. सहाव्या जागेसाठी शिवसेनेचे संजय पवार ३३, भाजपचे धनंजय महाडिक २७. सहाने मागे. पण भाजपच्याच गोयल आणि बोंडे यांच्याकडे कोट्याहून प्रत्येकी ७४२ मूल्य जादा होतं, ते दुसऱ्या पसंतीने महाडिकांकडे वळलं. रात्रभर चर्चा कांदेंच्या मताची झाली. पवार पडले ते या बेरजेत.

११ जून, पहाट. महाडिक विजयी.

२० जून. विधान परिषदेचं मतदान. त्याच रात्री शिवसेनेचे एकनाथ शिंदे बंड करून सुरतेकडे.

२९ जून. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांचा राजीनामा. परभणीचे डॉ. पाटील ठाकऱ्यांकडेच राहिले.