नौकेवरील बॅटरीचे सौर प्रभारण

नौकेवरील बॅटरीचे सौर प्रभारण म्हणजे नांगरलेल्या किंवा किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या नौकेतील बॅटरी लहान सौर पॅनेलच्या साहाय्याने सतत भरलेली ठेवण्याची पद्धत होय. यासाठी साधारणतः ५ ते २० वॅट क्षमतेचे पॅनेल वापरतात. नौका चालवण्यासाठी लागणारी ऊर्जा या पद्धतीतून मिळत नाही. त्यामुळे केरळमध्ये २०१७ पासून धावणाऱ्या 'आदित्य' या सौर प्रवासी बोटीसारख्या नौकांपेक्षा ती वेगळी आहे.

आवश्यकता

नौकांवर प्रामुख्याने १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी असते. इंजिन सुरू करणे, दिवे, बिनतारी संच, जीपीएस आणि तळात साचलेले पाणी उपसणारा बिल्ज पंप यांना तिच्यातून वीज मिळते. वापर नसतानाही अशी बॅटरी दरमहा सुमारे ३ ते ५ टक्के विसर्जित होते; उष्ण हवेत हा वेग वाढतो. बॅटरी दीर्घकाळ विसर्जित राहिल्यास तिच्या पट्ट्यांवरील लेड सल्फेटचे स्फटिक कठीण होतात व धारणक्षमता कायमची घटते. या क्रियेला सल्फेटीकरण म्हणतात. शीत प्रदेशात विसर्जित बॅटरीतील द्रावण गोठून तिचे कवच फुटू शकते. बॅटरी संपल्यामुळे बिल्ज पंप बंद पडला, तर गळती असलेली नौका जागीच बुडण्याचा धोका असतो.

रचना व कार्य

१२ व्होल्टच्या बॅटरीसाठीच्या पॅनेलमध्ये सहसा ३६ सौर घट एकसरीत जोडलेले असतात. पूर्ण उन्हात त्याचे कार्यकारी विभवांतर १७ ते १८ व्होल्ट असते. पॅनेल व बॅटरी यांच्यामध्ये प्रभारण नियंत्रक (चार्ज कंट्रोलर) बसवतात. तो विभवांतर प्रथम सुमारे १४.४ व्होल्टपर्यंत वाढू देतो आणि बॅटरी भरल्यावर ते सुमारे १३.६ व्होल्टवर स्थिर ठेवतो. नियंत्रण नसल्यास अतिप्रभारणामुळे द्रावणातील पाणी घटते व हायड्रोजन हा ज्वालाग्राही वायू बाहेर पडतो. म्हणून बॅटरीच्या कप्प्यात हवा खेळती ठेवणे आवश्यक असते. रात्री बॅटरीतील वीज पॅनेलकडे उलटी वाहू नये, याचीही व्यवस्था नियंत्रकात असते. लिथियम बॅटरीसाठी त्या प्रकाराला अनुरूप नियंत्रक लागतो.

क्षमतेचा हिशेब

१० वॅटचे पॅनेल पूर्ण उन्हात सुमारे ०.५५ अँपिअर प्रवाह देते. दिवसाला ४ तास पूर्ण उन्हाइतका प्रकाश धरल्यास सुमारे २.२ अँपिअर-तास वीज मिळते. १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीचे स्वयंविसर्जन दरमहा ५ टक्के धरले, तर महिन्याला केवळ ५ अँपिअर-तास भरून काढावे लागतात. मात्र ३ अँपिअरचा बिल्ज पंप रोज २० मिनिटे चालल्यास त्यालाच दररोज १ अँपिअर-तास लागतो. हीच बॅटरी निम्मी रिकामी असल्यास ती भरण्यास या पॅनेलला तीन आठवड्यांहून अधिक काळ लागेल. म्हणून भरलेली बॅटरी राखण्यासाठी लहान पॅनेल पुरेसे ठरते, रिकामी बॅटरी भरण्यासाठी नाही.

जोडणी व देखभाल

मुख्य स्विच बंद असतानाही प्रभारण चालू राहावे, यासाठी नियंत्रक फ्यूजमधून थेट बॅटरीला जोडतात. हा फ्यूज बॅटरीच्या धन टोकाजवळ असावा लागतो. खाऱ्या हवेत उघडे तांबे लवकर गंजते. त्यामुळे कथिलाचा मुलामा असलेल्या तारा व जलरोधक जोड वापरतात. घट एकसरीत असल्याने डोलकाठी किंवा दोरखंडाची सावली एखाद्या घटावर पडली, तरी संपूर्ण पॅनेलचा प्रवाह बराच घटतो. मीठ आणि पक्ष्यांची विष्ठा गोड्या पाण्याने वेळोवेळी धुवावी लागते.

कोकण किनाऱ्यावरील संदर्भ

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. या काळात कोकणात अनेक नौका किनाऱ्यावर ओढून आच्छादनाखाली शाकारून ठेवतात. आच्छादनाखालील पॅनेल निरुपयोगी ठरते व पावसाळी ढगांमुळे उघड्यावरील पॅनेलचे उत्पादनही बरेच घटते. त्यामुळे येथे पॅनेल आच्छादनाबाहेर बसवणे आणि वरील हिशेबापेक्षा मोठे पॅनेल निवडणे गरजेचे असते. तसे शक्य नसल्यास बॅटरी उतरवून घरी किंवा कार्यशाळेत ठेवून अधूनमधून विजेवर भरणे हा पर्याय उरतो.