कोंडिविट्याची नवरी

गेल्या हिवाळ्यात रात्री साडेदहाला अंधेरी पूर्वेला सीप्झच्या फाटकाबाहेर आम्ही चौदा जण उभे होतो. सगळे तिकीट काढून भुतं पाहायला आलेले. वाटाड्या मुलगा हुशार होता. आतल्या झाडीत पडकं चर्च आहे आणि तिथं पांढऱ्या झग्यातली नवरी दिसते, असं त्यानं दबक्या आवाजात सांगितलं. ओळखपत्राशिवाय आत प्रवेश नाही, त्यामुळे भूत भिंतीपलीकडेच राहिलं आणि गोष्ट अधिकच रंगली.

हे चर्च संत जॉन बाप्टिस्टचं. पोर्तुगीज अमलात १५७९मध्ये जेझुइटांनी ते कोंडिविटे गावात बांधलं. जवळच महाकालीची बौद्ध लेणी आहेत, म्हणजे वस्ती त्याहून कितीतरी जुनी. १७३७मध्ये साष्टी मराठ्यांनी घेतली, १७७४मध्ये इंग्रजांनी. चर्च टिकलं. १८४०च्या सुमारास मात्र साथ आली, लोक गाव सोडून मरोळला गेले आणि तिथं नवं चर्च उभं राहिलं. जुन्याचं छप्पर गेलं, भिंती उरल्या. १९७३मध्ये सीप्झ आलं आणि त्या भिंती कारखान्यांच्या कुंपणात गेल्या.

नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी प्रश्नावली पाठवून शाळामास्तरांकडून लोकसमजुती जमवल्या होत्या. १९०९मध्ये त्यांची हत्या झाली. पुढे एन्थोवन यांनी ती टिपणं संपादित केली आणि कोकणचा भाग १९१५मध्ये छापला. आपल्याकडच्या भुतांची नावं पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते. मुंज झालेला पण लग्नाआधी गेलेला मुलगा मुंजा होतो, बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते, बुडून मेलेला गिऱ्हा होतो. कोण, कसं गेलं याची नोंदच त्या नावात असते. गावाला ज्या मरणाची बोच राहिली, त्याचं भूत झालं.

साथीचं तसं नाही. एकाच वेळी अनेक जण गेले की वेगवेगळी भुतं उरत नाहीत, देवी उरते. साकीनाक्यापलीकडच्या जरीमरीचं नाव त्याच भीतीतून आलेलं.

सीप्झची नवरी या हिशेबात कुठंच बसत नाही. ती कोणाची, कशानं गेली, हे गोष्टीत येतच नाही. पांढरा झगाही सिनेमातला वाटतो. मला ती अलीकडची वाटते. गावाची आठवण पुसली गेली आणि मोकळ्या जागेत ती येऊन बसली. खरी गोष्ट साथीची आणि उठलेल्या गावाची होती. ती फेरीत आलीच नाही.

आमच्यात मरोळ गावठाणातल्या एक ईस्ट इंडियन बाई होत्या, साठीच्या. मुलानं त्यांना विचारलं, "आंटी, भीती नाही वाटत?"

"अरे बाळा, आमची माणसं पुरलीत तिथं," त्या म्हणाल्या. "मे महिन्यात मिस्सा असते, तेव्हा आम्ही आत जातो. दिवसाउजेडी."

मुलगा गप्प झाला. मग त्यानं विचारलं, "त्यांची नावं सांगाल?"

त्या सांगू लागल्या. फेरी तिथंच अर्धा तास थांबली.