लढाऊ विमान की वाहतुकीचे?

सुरतेच्या दक्षिण अंगास असलेली डिंडोली आज खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांनी गजबजलेली आहे. जळगावहून येणाऱ्या लोहमार्गाने जी माणसे कापडाच्या धंद्यात पोट भरावयास आली, त्यांच्या मुलांना आता आकाशाचीही ओढ लागली असल्यास नवल नाही. सह्याद्रीपलीकडे ओझर येथे १९६४ साली मिग विमानांचा कारखाना स्थापन झाला. उत्तरेस वडोदऱ्यास २०२३ पासून सी-२९५ ही वाहतुकीची विमाने दाखल झाली आहेत. यांपैकी कोणते विमान चालवशील, असे वायुसेनेत जाऊ इच्छिणाऱ्या मुलास विचारले, तर उत्तर बहुधा ठरलेले असते.

ते उत्तर स्वाभाविक आहे; परंतु लढाऊ विमान शूरांचे आणि वाहतुकीचे विमान उरलेल्यांचे, हा समज त्याच्या मुळाशी असतो. प्राथमिक शिक्षणानंतर शिकाऊ वैमानिकांची वाटणी लढाऊ, वाहतूक आणि हेलिकॉप्टर अशा तीन शाखांत होते. त्या वेळी गुणानुक्रम, उमेदवाराची पसंती आणि दलाची गरज या तिन्ही गोष्टी पाहिल्या जातात. त्यामुळे पसंती विचारली जाते, तरी निवड सर्वस्वी हाती नसते. मोठ्या विमानांचा अनुभव पुढे नागरी विमान कंपन्यांत कामी येतो, हा हिशेब घरातील वडीलधारी माणसे करतात, आणि तो काही गैर नव्हे.

पण शौर्याचा प्रश्न निघालाच, तर मेहरसिंग यांचे चरित्र पाहावे. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर हरिकेन या एकआसनी विमानांच्या तुकडीचे नेतृत्व करून त्यांनी डी.एस.ओ. हा सन्मान मिळविला होता. पुढे २७ ऑक्टोबर १९४७ रोजी डाकोटा विमानांतून भारतीय सैनिक श्रीनगरला उतरू लागले, आणि काश्मीरचे युद्ध या अवजड, संथ, निःशस्त्र विमानांवर येऊन ठेपले. त्याच युद्धात लढाऊ विमानांच्या बाजूने हृषिकेश मुळगावकर यांनी महावीर चक्र मिळविले आणि १९७६ साली ते हवाई दलप्रमुख झाले; त्यांच्या कामगिरीस यत्किंचितही उणेपणा येत नाही. परंतु वेढ्यात सापडलेल्या पूंछला धान्य आणि तोफा पोचविल्या त्या डाकोटांनीच, आणि परतताना निर्वासितांना व जखमींना आणले तेही त्यांनीच. घाईने तयार केलेल्या तेथील धावपट्टीवर पहिले डाकोटा उतरविले ते मेहरसिंगांनी. प्रसंगी डाकोटाच्या दारातून हातांनी बाँब लोटण्यात आले!

२४ मे १९४८ रोजी जनरल थिमय्या यांना सोबत घेऊन मेहरसिंग लेहला निघाले. विमानात हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती; मार्गात डाकोटाच्या नेहमीच्या पल्ल्याहून उंच शिखरे होती; आणि सुमारे ११,५०० फुटांवरील धावपट्टी स्थानिक अभियंते सोनम नोरबू यांच्या देखरेखीखाली वाळूत आखलेली होती. अशा ठिकाणी विरळ हवेत एंजिनाची शक्ती घटते, आणि चूक सुधारण्यास जागा उरत नाही. लढाऊ वैमानिकाजवळ निदान उडी घेण्याचा मार्ग असतो. येथे पाठीमागे बसलेल्या माणसांजवळ तोही नव्हता. विमान सुखरूप उतरले, आणि त्यामागून लेहच्या रक्षणासाठी सैनिकांना घेऊन इतर डाकोटा येऊ लागली.