यवतचा डास

पुण्याहून सोलापूरकडे निघाले की वाटेत यवत लागते. साथींचा इतिहास लिहिताना या गावाला वगळता येणार नाही, असे आम्हांस वाटते.

चिकुनगुन्या हा शब्द पूर्व आफ्रिकेतील माकोंडे भाषेतला. सांधेदुखीने वाकून जाणे, हा त्याचा भाव. भारतात हा रोग १९६३ साली कलकत्त्यात ओळखला गेला. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत त्याची मोठी साथ आली. पुढे तीन दशके तशी साथ आली नाही. रोग देशातून नाहीसा झाला, असा समज अभ्यासकांतही रुजला.

या काळात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत डासांची तपासणी चालूच होती. १९५२ साली स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्राचेच हे १९७८ पासूनचे नाव. अशा तपासणीत घराघरांतून डास पकडायचे, जातवार वेगळे करायचे, गटागटाने वाटून त्यांच्या अर्कात विषाणू शोधायचा. काम कंटाळवाणे आणि बहुधा निष्फळ. परंतु २००० साली यवतमध्ये पकडलेल्या 'एडीस इजिप्ती' डासांत चिकुनगुन्याचा विषाणू सापडला.

२००५ अखेर साथ उसळली. तत्कालीन आंध्र प्रदेश, कर्नाटक व महाराष्ट्र होरपळले. २००६ मध्ये देशभरात सुमारे १३.९ लाख संशयित रुग्णांची नोंद झाली. हैदराबाद आणि बेळगाव परिसरातील आपल्यापैकी अनेकांना घरातल्या वडीलधाऱ्यांना भिंतीचा आधार घेत चालताना पाहिल्याचे आठवत असेल. नव्या विषाणूची जुन्याशी तुलना झाली, तेव्हा कळले की १९६३ व १९७३ चा विषाणू आशियाई वंशाचा होता, हा आफ्रिकी वंशाचा. आणि यवतचा नमुनाही याच आफ्रिकी वंशाचा निघाला! म्हणजे पाहुणा साथीच्या पाच वर्षे आधीच उंबरठा ओलांडून आत आला होता.

यात कोणाला दोष द्यावा, असा आमचा हेतू नाही. एका नमुन्यावरून साथीचे भाकीत करता येत नाही. परंतु तो जपून ठेवला नसता, तर हा इतिहास कधीच उलगडला नसता. वर्षानुवर्षे, गावोगावी अशी नोंद ठेवली, तरच रोग्याआधी डास बोलतो.

हा डास गटारात नव्हे, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. पाणी जपून ठेवणे हा आपल्या घरांचा पिढीजात संस्कार. रांजण आणि हौद आठवड्यातून एकदा रिकामे करून घासणे, हाही आता त्याच संस्काराचा भाग मानावा लागेल.