आपल्या कुंड्यांचा इतिहास

कोल्हापूरला बागेचं वेड जुनंच. टाऊन हॉलची इमारत 1876 साली पुरी झाली. तिथल्या बागेत आजही माणसं सावलीला टेकतात. आपल्या सोसायटीची बाग मात्र कुणी आखली नाही. ती विरजणासारखी घरोघर गेली. आमच्या तळमजल्यावरनं मोगऱ्याची रोपं वर गेली, वरनं जास्वंदीची फांदी आली. सोबत सल्ला फुकट : "पावसाच्या तोंडावर लावा, हमखास जीव धरतंय."

वादही झाले. लिंबावर अळ्या दिसल्या की एकच ओरड, "औषध मारा की!" पण लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच नीलवंत, म्हणजे ब्लू मॉर्मन वाढतं. 2015 साली ते महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलं. तेव्हा आम्ही तोडगा काढला : लहान रोपांवरच्या अळ्या उचलून मोठ्या झाडावर सोडायच्या. मोठं झाड चार पानं गेल्यानं मरत नाही.

मग ऑगस्ट 2019 चा महापूर. पंचगंगेची धोका पातळी 43 फूट. पाणी 55 फुटांच्या वर गेलं. आमच्या कुंड्या गढूळ पाण्यात बुडाल्या. मुळांना हवा मिळाली नाही, मोगरा कुजला. पण वर दिलेली रोपं जिवंत होती. त्यांच्याच फांद्या खाली परत आल्या. 2021 ला पुन्हा पूर आला, तेव्हा कुंड्या आधीच जिन्यानं वर चढवल्या होत्या.

नव्या बिऱ्हाडांनी फांदी मागायला लाजू नये. तुमच्याकडं वाढलेलं रोप उद्या आम्हालाच लागेल.